कृष्णकांतरावांची टोपीदार रायफल

कृष्णकांत शिर्के यांनी जिल्हा कचेरीत शस्त्रपरवान्यांच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत बंदुकीचा चाप म्हणून कधी ओढला नाही. कोणाकडे कुठलं हत्यार, नूतनीकरण कधी, नंबर काय, हे त्यांना झोपेतही सांगता यायचं. बंदूक प्रत्यक्षात कशी भरतात, हे मात्र कुणी विचारलं तर ते चष्मा पुसायला घ्यायचे.

शिर्क्यांचा कुणी पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुरात आला, असं घरात सांगत. पुढे फौज गेली, तलवारी कुठे गेल्या देव जाणे, आणि मागे उरले नुसते कारकून. खंडेनवमीचं शस्त्रपूजन तेवढं कोणी सोडलं नाही. आता नंदनवनच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाटावर शस्त्रं ती कोणती? यमुताईंची विळी, अडकित्ता, नळ दुरुस्तीचा पान्हा आणि कचेरीतलं पंचिंग मशीन! त्या मशीनला हळदकुंकू वाहताना कृष्णकांतराव दरवर्षी खजील होत. एकदा तरी पाटावर खरं हत्यार असावं, आणि त्याचा एक बार आपल्या हातून निघावा, एवढीच त्यांची हौस. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी परवाना काढला. सगळ्यांना तो त्यांचा म्हातारचळ वाटला.

एकाला सोडून. पारशिवनीचा चंपतराव त्यांचा कॉलेजच्या वसतिगृहापासूनचा दोस्त. शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. त्याच्याकडे आजोबांपासून चालत आलेली पलटणीतली एक जुनी रायफल होती. दीडशे वर्षांपूर्वीची, तोंडातून काळी दारू भरायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. नळीवर तीन लोखंडी कडी. कायदा बदलला आणि एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवा असं आलं. चंपतरावाकडे तीन होती.

"जमा केली तर ठाण्यात गंजून जाईन," तो म्हणाला. "तुह्याशिवाय कोणाले देणार नाही, किसना. तूच सांभाळशीन तिले."

कृष्णकांतरावांचे डोळे भरून आले. आयुष्यभर परवान्यासाठी गोड बोलणारे पुष्कळ भेटले होते, पण हे काही मागणं नव्हतं, देणं होतं. दोस्तानं सांगितलेली किंमत त्यांनी हूं की चूं न करता दिली.

यमुताई शहाण्या. "बंदुकीच्या दुकानात एकदा दाखवून तं आणा," त्या म्हणाल्या. कृष्णकांतरावांनी फोनवर भीत भीत विषय काढला, तर चंपतराव भडकलाच.

"चाळीस वर्षांची दोस्ती, आन् तू दुकानदाराले विचारून राहिला? माह्या आज्यानं वाघावर चालवली ते!"

संपलं. पुन्हा विचारायची छाती झाली नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने तपासणी केली. भिंग घेऊन नळीवरचा नंबर वाचला, परवान्याच्या तीन कागदांवरच्या नंबरांशी आकडा न् आकडा ताडून पाहिला, आणि समाधानाने मान हलवली. कागद चोख होते. लाकडाखाली नळीच्या बुडाशी काय आहे, हे पाहायला लाकडी दस्ता सोडवावा लागतो; ते कुठल्याच अर्जात लिहिलेलं नसतं!

खंडेनवमीला दुपारी ते यमुताई आणि आठ वर्षांची नात भैरवी यांना घेऊन चंपतरावाच्या शेतावर गेले. खिशात पोलीस ठाण्याला दिलेल्या लेखी सूचनेची पोच होती, शिर्केच ते. विहिरीजवळ पाट मांडला, रायफलीला झेंडूची माळ घातली. यमुताईंनी ओवाळलं तेव्हा कृष्णकांतरावांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

"झाली ना पूजा? आज राहू दे बार," चंपतराव म्हणाला. "ऊन लय हाय."

"ऊन काय म्हणते? यासाठीच तं आलो गा."

मग चंपतरावानेच दारू ओतली, तीही चिमूटभर. कृष्णकांतराव पुस्तक वाचून आले होते, ते माप धरून बसले. शेवटी पूर्ण माप पडलं, वर शिशाची गोळी, आणि गजाने ठासणं झालं. समोर बांधाला टेकवून गंजका पिपा ठेवला होता. कृष्णकांतरावांनी टोपी बसवली, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. डाव्या हाताला पाच पावलांवर भैरवी आजोबांचा व्हिडिओ काढत उभी होती. तिच्याजवळच चंपतरावाची नात भूमिका, तिच्याच वयाची.

नेम धरता धरता डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. चंपतराव मागून वाकून आला, भूमिकेचा दंड धरला आणि तिला ओढत विहिरीच्या भिंतीआड घेऊन गेला. गुपचूप. तोंडातून शब्द नाही. भैरवी तिथेच, मोबाइल धरून.

कृष्णकांतरावांचं बोट चापावरून आपोआप निघालं. त्यांनी घोडा हलकेच खाली घेतला आणि टोपी काढली.

"चंपत, पहिला बार तू काढ. तुह्या आज्याची हाय."

"माहा खांदा दुखते गा."

"बरं."

त्या एका क्षणात त्यांना सगळं समजलं, आणि समजून घ्यायचं नव्हतं म्हणून ते आणखी चिडले. भैरवीला आणि यमुताईंना त्यांनी दूर गोठ्यामागे पाठवलं. रायफल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकाला दोराने करकचून बांधली, नवी टोपी बसवली, घोडा चढवला, चापाला सुतळी लावली आणि ती विहिरीच्या भिंतीपर्यंत ओढत आणली. चंपतराव नुसता पाहत होता. अडवायलाही तोंड हवं ना.

सुतळी ओढली. आवाज बारासारखा नव्हता, पत्रा फाडावा तसा होता. धूर निवळल्यावर दिसलं: नळी बुडाशी उघडली होती, दस्त्याच्या चिरफळ्या झाल्या होत्या. जिथे गाल टेकला होता तिथे लाकूडच उरलं नव्हतं. फाटलेल्या लोखंडाच्या कडेने पितळेची पिवळी रेघ चमकत होती. जुनी चीर कोणीतरी डाग देऊन बुजवली होती, आणि वरून लाकूड बसवलं होतं.

"दोन साल झाले फुटून," चंपतराव पुटपुटला. "लहान्या पोराच्या लग्नात. मले वाटलं पूजेले ठेवशीन, चालवशीन थोडीच. सांगणारच होतो."

"भूमिकेले मागं नेलं तुनं."

चंपतराव वाकून दस्त्याच्या चिरफळ्या गोळा करू लागला.

"भैरवी तिच्या बाजूले उभी होती, चंपत."

"तिच्याकडं लक्षच नव्हतं गा," चंपतराव म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं, हेच कृष्णकांतरावांना सहन झालं नाही. दोस्ताने आपल्याला फसवलं, हे एकवेळ पचलं असतं. पण धोका ओळखून हात पुढे झाला, तेव्हा त्या हाताला शेजारची पोर दिसलीसुद्धा नाही. चाळीस वर्षं ज्याला घरचा मानलं, त्याच्या घरात आपण कधी नव्हतोच. ते रडले नाहीत. दोघींना गाडीत बसवून ते घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी बेल वाजली. दारात भूमिका, नव्या फ्रॉकमध्ये, ओंजळीत आपट्याची पानं. कृष्णकांतरावांनी गॅलरीतून खाली पाहिलं. चंपतराव गाडीतच बसून होता, काच अर्धी खाली करून वर बघत. काल जिला मागे ओढलं, तिलाच आज त्याने पुढे केलं होतं.

"आबांनी सोनं पाठवलं," पोरगी म्हणाली.

त्यांनी तिला आत घेतलं. यमुताईंनी करंजी दिली, भैरवी तिला आपल्या वह्या दाखवायला घेऊन गेली. निघताना कृष्णकांतरावांनी तिच्या हातात आपट्याची दोन पानं ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"हे तुह्यं, बाई. आबाचं नाही," ते म्हणाले, आणि तिला जपून, एकेक पायरी, खाली फाटकापर्यंत सोडून गाडीकडे न पाहता परत आले.