कॅबिनेटवरचा तळहात

तापलेल्या धुळीचा वास आला की मला आजही संगणकाच्या कॅबिनेटवर टेकलेला आमच्या दुरुस्तीवाल्या काकांचा रुंद तळहात दिसतो. वीस वर्षे पॉवरलूमवर काढल्याने त्यांचे कान मंदावले होते. पुढे संगणक-दुरुस्तीकडे वळले, तेव्हा आतला पंखा ते हातानेच ऐकत. "हात ठेवा, ताई. स्क्रीन काही बी दाखवेल." डिझाइनकडे मात्र बघतही नसत. "चित्र तुमचं, यंत्र माझं."

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या आमच्या प्रिंट मिलमध्ये मी साड्यांचे काठ रेखाटते. माझे सारे जुने काठ एका जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडत. ते एका म्हाताऱ्या संगणकावरच चाले, आणि मागे पेनड्राइव्हएवढे सॉफ्टवेअरच्या परवान्याचे कुलूप खोचलेले लागे. आता तो संगणक दिवसातून तीनदा बंद पडू लागला होता. शेठ म्हणाले, "शनिवार सुधी, बेन. पछी नवुं लई लईशुं." शनिवारपर्यंतच मुदत, मग नवे. आणि नवे घेणे म्हणजे जुने सारे विसरणे.

तुम्ही-आम्ही हळहळलो असतो. काकांचे डोळे मात्र लकाकले. "नव्या संगणकाच्या पोटात जुना बसवू ना." तसे करणारी तीन सॉफ्टवेअरे त्यांनी आणली. तीन मागांवर एकच सूत लावून पाहावे, तसा तिन्हींवर एकच काठ उघडायचा ठरला.

"कोणता?" काकांनी विचारले.

"बारा नंबर," मी म्हणाले.

तो माझा पहिला काठ. बाजारात 'पिवळे ठिपके' म्हणून खपला. ते ठिपके नव्हेत, हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

पहिले सॉफ्टवेअर विंडोजमध्येच होते. कॅबिनेट माठासारखे गार, पण त्याला कुलूप दिसेचना. दुसरे फुकटचे. त्याने कुलूप ओळखले. काठ मोठा करताच मात्र रंग रांगू लागले आणि तळहाताखाली तवा तापला.

"हे धापा टाकतंय, ताई. काढा."

तिसऱ्याची पाळी शनिवारी दुपारी आली. बाहेर छपाईची वाफ आणि रंगातल्या डिंकाचा आंबूस वास. माझ्या छातीत मागाचा धोटा धावत होता. आम्हा दोघांचे हात कॅबिनेटवर. कुलपाचा हिरवा दिवा लागला. काठ उघडला. मी तो मोठा केला, आणखी मोठा केला. रंग जागचे हलले नाहीत. हाताखाली नुसते कोमट.

आता काका अमळनेरकडच्या आपल्या गावी परतले आहेत. नव्याच्या पोटातला जुना संगणक अजून चालतो. त्या दुपारी मी शेठना बोलवायला उठले, तेव्हा काकांनी प्रथमच कॅबिनेटवरचा हात उचलला. पडद्याशी वाकले. मऊ, केसाळ कडांच्या त्या पिवळ्या गोलांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले,

"बाभूळ."