एर्गेशच्या सात पिढ्या आणि सायराकान एजे

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं, कारण नारीनसारख्या छोट्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि उद्या माझ्या आईलाच ऐकून घ्यावं लागेल. पण डोकं इतकं तापलंय की घ्याच आता.

सायराकान एजेला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताईला, जन्मापासून दिसत नाही. एकोणीस वर्षं ती आमच्या दफ्तरखान्यात जुन्या नोंदींचे दाखले टाइप करायची. शेजारच्या टेबलावरची बक्तिगुल जुन्या वह्या वाचून दाखवायची, एजेची बोटं धावायची, आणि कॉम्प्युटर हेडफोनमधून तिला सगळं वाचून दाखवायचा. पडदा ती बंदच ठेवायची. तिला काय करायचाय तो?

हिवाळ्यात नवा साहेब आला, एर्गेश. पहिल्याच दिवशी तिच्यामागे येऊन ओरडला, "बंद मशीनसमोर बसून गाणी ऐकतेस होय गं?"

"चालू आहे, बाइके," एजे थोरल्या भावाला द्यावा तसा मान देत म्हणाली. "दिवा तेवढा बंद आहे."

सगळे हसले. ते हसणं त्याला झोंबलं ते झोंबलंच.

मार्चमध्ये त्याने सगळ्या मशीनवरचं विंडोज काढून लिनक्स टाकायला लावलं. एजेला कोणी विचारलंही नाही. सोमवारी ती येऊन बसली, हेडफोन लावला, तर आवाजच नाही. मशीन मुकं आणि ती एकदम खरीखुरी आंधळी.

"आवाजाचं मला कोणी बोललंच नाही, एजे," टेक्निशियन म्हणाला आणि निघून गेला.

एर्गेश म्हणाला, "शुक्रवारी माझ्यासमोर टाइप करून दाखव. नाही जमलं तर खाली येणाऱ्यांचे कोट सांभाळायच्या खिडकीत बस. तिथलं हाताने चाचपून कळतं."

एजे बाथरूममध्ये जाऊन रडली. मग तिथूनच ओश शहरातल्या मैत्रिणीला, उमसुनायला, फोन लावला. तिलाही दिसत नाही, ती लिनक्सवरच काम करते.

"रडतेस काय, गाढवे! आल्ट, विंडोजचं बटण आणि एस, तिन्ही एकदम दाब!"

दाबलं. रशियन ढंगाचा एक पुरुषी आवाज बोलायला लागला. पण बाकी सगळं उलटंपालटं. हाताला बसलेली बटणं भलतंच काही उघडायची, मंगळवारी तर अख्खा दाखला कुठे जाऊन बसला देव जाणे. तरी चार दिवस ती जेवणाच्या सुट्टीतही उठली नाही.

शुक्रवारी बाहेर माणसांची रांग होती. एर्गेशने मुद्दाम दार उघडं ठेवलं. "लिही, माझ्या सात बापांची नावं."

आमच्यात सात पिढ्या पाठ नसतील तर माणसाला तोंड दाखवायला जागा नाही. एर्गेश छाती काढून सांगत गेला, मध्ये खाकरला, अडखळला, मग म्हणाला, "झालं." एजेने एक ते सात आकडे घालून यादी केली होती, ती पहिल्यापासून ऐकायला तिने बटण दाबलं.

"खरंच काही वाचतंय का ते, की नुसतं नाटक?" म्हणत त्याने हेडफोनची वायर उपटली.

मशीन खणखणीत बोललं, "एक. असान. दोन. बेक्तुर. तीन. चोकमोर. चार. झानतेली. पाच. सोल्पू. सहा. मेंदे. सात. रिकामं."

रांगेतला एक पांढऱ्या टोपीचा म्हातारा म्हणाला, "अरे एर्गेश, सातवा कुठे सांडलास?"

लोक भिंतीला टेकून हसायला लागले. एर्गेश लालबुंद. "हिनेच गाळला!"

"तुम्ही सहाच सांगितलेत, बाइके," एजे शांतपणे म्हणाली. "सातवा सांगा, आत्ता लिहिते."

त्याला आठवलाच नाही.

टाइप तर जमलं होतं ना? तरी सोमवारी एजे खाली कोटांच्या खिडकीत! कागदावर कारण काय, तर 'आंधळ्या बाईच्या दाखल्यावर लोकांचा विश्वास नाही'. बक्तिगुल भांडली तेव्हा एर्गेश म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत कोणी तिच्याच हातचा दाखला लेखी मागितला तर बसवतो परत. कोण मागतंय?"

आपण मागतोय! एजे दिवसभर ओल्या कोटांच्या वासात नंबराचे बिल्ले वाटतेय आणि ज्यांच्या आज्यापणज्यांचे दाखले तिने केले ते मान खाली घालून कोट देऊन वर जातायत. लाज वाटू द्या जरा. आत शिरलात की डावीकडे तिची खिडकी आहे. तिला भेटा, दोन मिनिटं बोला, मग वर जाऊन कागदावर तिचं नाव लिहून दाखला मागा. महिना संपायला नऊ दिवस उरलेत. उद्याच जा.