तुम्ही काय जेवणार, तेच द्या

सगळ्यात आधी सांगून टाकतो, या धाग्यावर मी आजवर फक्त टाइमपासला यायचो. तुमच्या हडळी, चकवे, पिंपळाखालच्या बायका... सगळं मी मोठ्याने आवाज काढून वाचायचो आणि माझा दोस्त प्रशिक हसून हसून टेबलवर डोकं आपटायचा. भूतबित या विषयात माझा रेकॉर्ड एकदम क्लीन आहे. मुरबाडला शाळेत असताना स्मशानाच्या भिंतीवर बसून पेरू खाल्लेत मी. तरी आज लिहितोय. हसायचं तर हसा. तुमच्या जागी मी पण हसलो असतो.

तर, मी मिमिक्री करतो. स्टेजवर वगैरे नाही हां... ऑफिसात, लग्नात, रिक्षात. आमचा टीम लीड, सोसायटीचा वॉचमन, शीळफाट्याला "एक सीट, एक सीट" ओरडणारा रिक्षावाला, कुणाचाही आवाज द्या. पण माझा बेस्ट आयटम होता प्रशिक. थोडा नाकातला आवाज आणि शेवटचा शब्द लांबवायची सवय. "चल नाऽऽ." आम्ही दोघं घोडबंदर रोडला एकाच ऑफिसात. मी डोंबिवलीत रूम करून राहतो, तो वर्तकनगरला वसाहतीत, पप्पांसोबत. आई लहानपणीच गेलेली. त्याला उशीर झाला की मी त्याच्या आवाजात फोन लावायचो, "पप्पाऽऽ, मी रोहनकडे थांबलोय." काकांना, म्हणजे त्याच्या पप्पांना, कधी कळलं नाही. रोहन म्हणजे मीच.

रविवारचा आमचा एकच धंदा. त्याची स्कूटर काढायची आणि नवीन उघडलेलं हॉटेल शोधायचं. ठाण्यात दर आठवड्याला काहीतरी उघडतंच, आज कॅफे, उद्या मोमो, परवा बिर्याणी. ओळखायची खूण एकच, बोर्डावर ओपनिंगचा झेंडूचा हार. हार सुकायच्या आत जाऊन जेवायचं हा रूल. दुसरा रूल प्रशिकचा स्वतःचा. मेनू कार्ड उघडायचंच नाही. ते मिटून बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, "तुम्ही स्वतः काय जेवणार? तेच द्या आम्हाला."

लोकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. एका चायनीजवाल्या पोराने लाजत लाजत स्वतःच्या डब्यातला डाळभात काढला. एका कॅफेतली मुलगी बोलली, "सर, मी घरून टिफिन आणते." प्रशिक बोलला, "मग अर्धा द्या." आणि तिने दिला! भेंडीची भाजी, दोन पोळ्या, एसीमध्ये. मी म्हणायचो, अरे वेड्या, कॅफेत येऊन भेंडी कोण खातं? तो नुसता हसायचा. मला वाटायचं फूडी लोकांची काहीतरी ट्रिक असेल.

निघताना दर रविवारी दारात तोच डायलॉग. प्रशिक हेल्मेट हातात घेऊन, "पप्पा, चला नाऽऽ." आणि आतून काका, "घरात केलंय." बस. एवढंच. मी जिना उतरताना दोघांचे आवाज काढायचो आणि प्रशिक मला हेल्मेटने मारायचा. कधी कधी मारायचा नाही, गप्प उतरायचा.

गणपतीच्या आधी त्याला ताप आला. साधा ताप वाटलेला. ऍडमिट असताना तो मला व्हॉइस नोट पाठवत होता, बरा झालो की कुठे कुठे जायचं ते. आणि मग... गेला. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

पुढचं काही मी कुणाला सांगितलेलं नाही. प्रशिक गेला आणि त्याचा आवाज माझ्या गळ्यातून पण गेला. बाकी सगळे येत होते, तोच येत नव्हता. बाथरूममध्ये उभा राहून ट्राय करायचो. नाकातला यायचा, शेवटचा शब्द लांबवायचो, पण तो कुणीतरी दुसराच वाटायचा. काकांना भेटायला गेलो तेव्हा चहा पुढे ठेवून ते बोलले, "अरे, तू त्याचा आवाज काढतोस ना? त्याने सांगितलेलं मला. फोनवर तू असायचास ते पण माहितीय. एकदा काढ."

मी काढला. काका ऐकून खाली बघत राहिले. मग बोलले, "राहू दे. चहा घे."

दिवाळीनंतर एका रविवारी त्यांचा फोन. "तुम्ही जायचात तिकडे मला घेऊन चल."

मी म्हटलं, "कुठे काका?"

"कुठे म्हणजे? हॉटेलात. तो बोलवायचा ना."

आता काकांबद्दल थोडं सांगतो. जन्मभर बस चालवली माणसाने, तीही घोडबंदर रोडला. ड्युटीवर डबा, लग्नात फक्त सरबत. बाहेर जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पहिल्यांदा त्यांना मी एका मोठ्या कॅफेत नेलं, प्रशिकला आवडायचा तो. वेटर आला, "सर, स्टिल वॉटर ऑर रेग्युलर?" काका मला विचारतात, "पाण्याला काय झालंय?" कॉफी आली, काकांनी संपवली, आणि रिकामा कप घेऊन उभे राहिले. मला कळेना. तर हे तरातरा चालले हात धुवायच्या बेसिनकडे, कप विसळायला! वेटर मागे धावतोय, "सर, सर, प्लीज सर," काका पुढे पळतायत, कप सोडत नाहीत. मी पोट धरून हसलो. सोमवारी ऑफिसात पूर्ण सीन करून दाखवला, वेटर, काका, बेसिनचा नळ, सगळे आवाज. टाळ्या पडल्या.

पुढच्या रविवारी आम्ही परत निघालो. स्कूटर प्रशिकचीच. घोडबंदरला नेहमीसारखं जॅम. काका मागे बसून सांगत होते, इथे जांभळाची झाडं होती, इथे गाडी बंद पडली की माकडं टपावर बसायची. मी मस्करीत विचारलं, "काका, आज कप पळवायचा नाही हां. वेटर म्हातारा असला तर धावणार कसा?"

काका हसले नाहीत. पुढे सरकले. मग माझ्या कानाजवळच बोलले, कारण हॉर्न फार होते.

"आमच्या गावी स्टँडवर हॉटेल होतं. आमच्या लोकांचा कप बाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की आपणच विसळायचा आणि तिथेच पालथा घालायचा. वडील विसळायचे, मी बाजूला उभा. नंतर मी पण विसळला. आता तसं कुणी करत नाही, मला कळतं रे. पण हात आपोआप जातो. लोकांसमोर हात जातो म्हणून मी कुठे बसतच नाही."

मी स्कूटर चालवत होतो म्हणून बरं, तोंड दिसत नव्हतं माझं. विचारलं, "प्रशिकला माहीत होतं?"

"त्याला एकदा सांगितलेलं. नोकरी लागली तेव्हा. त्यानंतरच तुमचं ते रविवारचं सुरू झालं."

तुम्ही काय जेवणार, तेच द्या... तुमच्यातलंच द्या. चायनीजवाल्याचा डबा. भेंडी. इतके रविवार मी त्याच्या समोर बसून खात होतो आणि मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

ओवळ्याच्या पुढे मेन रोडवरून खाडीच्या बाजूला एक रस्ता आत जातो. मागे टॉवर, पुढे जुनं गाव. तिथे एका घराच्या ओटीत खानावळ दिसली. बोर्डावर हार होता, सुकून काळा पडलेला, पण काढला नव्हता. रूलमध्ये बसत नव्हतं तरी थांबलो. प्रशिकसोबत इथे मी कधी आलो नव्हतो. येणार कसा? नंतर कळलं, खानावळ दसऱ्याला उघडलेली, प्रशिक गेल्यावर.

दुपारची वेळ, लख्ख ऊन, आत आमच्याशिवाय कुणी नाही. चार टेबलं. गल्ल्यावर मालक मोबाइलमध्ये घुसलेला. त्याच्या बाजूला स्वयंपाकघराची छोटी खिडकी, ताटं द्यायला, आणि तिच्यावर फुलाफुलाचा पडदा. काका भिंतीकडे तोंड करून बसले. मी खिडकीजवळ गेलो. मनात होतं की आज प्रशिकचा प्रश्न मी विचारायचा, माझ्या साध्या आवाजात. खरंच. मी तोंड उघडलं...

"काकीऽऽ, तुम्ही काय जेवणार? तेच द्या नाऽऽ."

तो आवाज मी काढला नाही. माझ्याच तोंडातून आला, पण मी काढला नाही. मिमिक्री करताना गळा आवळावा लागतो, जीभ मागे घ्यावी लागते. मी काहीच केलं नव्हतं. मागे काकांच्या हातातला ग्लास टेबलावर आपटला.

आणि पडद्याच्या आतून बाईचा आवाज आला. एकदम घरातल्यासारखा.

"आलास का रं? बापासला आनलास का आज तरी?"

पडदा सरकला. पन्नाशीची आगरी बाई, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, मग दाराकडे.

"तू न्हाय," ती बोलली. "तो कुटं गेला?"

मालकाने मान वर केली. "कोन गं?"

"तो रविवारचा. आता बोलला ना!"

"ही कायपन बोलते," मालक मला म्हणाला. "मी हितंच असतो. रविवारी असा कोनी पोरगा येत न्हाय."

"तू मोबाइलात असतंस. तुज्या म्होरनं हत्ती गेला तरी तुला दिसाचा न्हाय."

काका उठून कधी आले ते मला कळलं नाही. त्यांनी अगदी हळू विचारलं, "ताई, तो... दिसायला कसा आहे?"

"तोंड न्हाय बगलं मी. मी आत भाकऱ्या थापत असते. आवाज येतो. तुमी काय जेवनार, तेच द्या, बोलतो. मंग मी माज्यातलं ताट खिडकीत ठेवते. रिकामं ताट मागारी येतं."

"आणखी काय बोलतो?"

"आनकी काय... पप्पांना आनाचंय, ते ऐकतच न्हाईत. दर खेपेला त्येच." काकांकडे नीट बघितलं तिने. "तुमीच का?"

काकांनी मान हलवली.

ती आत गेली. तीन ताटं घेऊन आली. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आदल्या रात्रीचं मुरलेलं कालवण, फोडलेला कांदा. दोन आमच्यापुढे ठेवली आणि तिसरं घेऊन स्वतः काकांच्या समोर बसली. "माजं बी जेवन र्‍हायलंय," म्हणाली. काका खाली मान घालून जेवले. सगळं जेवले, ताट पुसून. कालवण तिखट होतं, म्हणून डोळ्यांतून पाणी येतंय असं आम्ही तिघं धरून चाललो.

जेवण झालं. काका उभे राहिले, आणि हात गेलाच. ताट उचललं.

त्या बाईने पीठ लागलेल्या डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"ठेवा ते. तो मला सांगून गेलाय. पप्पा ताट उचलतील, उचलू देऊ नको काकी."

काका तसेच उभे. ताट हातात. मग ते खाली ठेवलं त्यांनी आणि बसले. बाईने तिन्ही ताटं एकात एक घातली आणि आत घेऊन गेली.

बस, एवढंच झालं. कुणी भिंतीतून आलं नाही, लाइट गेली नाही. आता तुम्ही कमेंटमध्ये विचाराल म्हणून सांगतो. मला पण वाटलं, दुसरा कुणी मुलगा असेल, त्याच्याही वडिलांना बाहेर जेवायला आवडत नसेल, आवाज जुळला असेल. असेल ना. पण मग ताटाचं? कॅफेतला किस्सा मी ऑफिसात सांगितला, पण ऑफिस कुठे, ती बाई कुठे. आणि माझ्या गळ्याचं काय? त्यानंतर मी कितीतरी वेळा ट्राय केलं. तो आवाज परत आलेला नाही. एकदा त्याच खिडकीसमोर उभा राहून काढायला गेलो, तर काकी आतूनच बोलली, "तू हायस ना? कललं मला."

काका आता दर रविवारी तिथे जातात. बसने, एकटे. कधी मी जातो सोबत. ताट उचलत नाहीत.

काकीला मी विचारलं होतं. त्या दिवसानंतर तो आलेला नाही. ती खिडकीत एक ताट ठेवून बघते, ते तसंच राहतं, भरलेलं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट तेव्हापासून होती, पण मी काकांना बोललो नव्हतो. मागच्या रविवारी काका हात धुऊन आले आणि तेच बोलले.

"पप्पांना आणायचंय म्हणून यायचा ना तो? मी अजून थोडे दिवस 'घरात केलंय' म्हणालो असतो... तर अजून येत राहिला असता. नाही का रे?"

अशा वेळी मी कुणाचातरी आवाज काढतो. वॉचमन, रिक्षावाला, कुणीतरी. समोरचा हसतो आणि वेळ निघून जाते. त्या दिवशी मला एकही आवाज सापडला नाही.