बदलीवरच्या पेशी

गुणाजी तरुणपणी गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे कायम माणूस आला नाही की त्याच्या जागी उभं राहायचं, तो आला की मुकाट घरी. पर्मनंट व्हायच्या आतच संप झाला, गिरणी गेली, आणि गुणाजी मरोळच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला तो साठी उलटेपर्यंत. तिथेच रोजची दारूची क्वार्टर लागली, आणि मग स्वादुपिंडाला सारखी सूज, पोट धरून सारखं ॲडमिट.

शेवटी डॉक्टर गंधालीने स्कॅन दाखवून समजावलं. पाचक रस बनवणाऱ्या पेशी सततच्या सुजेने आपलं काम सोडतात, नळीच्या अस्तरासारख्या होऊन बसतात. "बदलल्यात त्या, काका." सूज उतरली की बऱ्याचशा परत मूळ कामाला लागतात, पण तुमच्या स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या काही आता परतायच्या नाहीत, तिथे गाठ धरतेय. अजून कॅन्सर नाही, म्हणूनच तेवढा तुकडा आत्ताच काढू.

गुणाजीने अर्धंच ऐकलं. बदलल्यात म्हणजे बदलीवरच्या, असं धरून त्याचा जीव भांड्यात पडला. बदलीवाला कधी जागा धरून बसतो काय?

दहिसरला घरी आल्यावर बायकोने, द्रौपदीने, ऑपरेशनचं काढलं तर म्हणाला, कॅन्सर नाय मगे पोट कित्याक फाडूचा? दारू मात्र त्याच दिवशी सोडली, खरंच सोडली. जन्मभर जिच्यासाठी द्रौपदी देवाला गाऱ्हाणी घालत होती ती गोष्ट झाली, आणि तिला आनंद करता येईना. हॉस्पिटलचा फोन आला की हा सांगायचा, गणपती होऊ दे. मग शिमगा होऊ दे.

"गिरण उघडतली म्हणान पण असेच बसलात तुमी," ती म्हणाली.

शिमग्याला गावी पालखी खांद्यावर घेतली आणि पाठीत अशी कळ गेली की तो खालीच बसला. पँट कमरेवर ठरेना. परत स्कॅन केला तर गाठ लिव्हरपर्यंत पोचलेली. आता कापून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाली. द्रौपदीने विचारलं, दारू तर सोडली ना यांनी? तर म्हणे, त्या पेशींना आता वाढायला सुजेची गरजच उरली नाही.

बाहेर येऊन गुणाजी बाकड्यावर बसला.

"माका मेल्यांनी कधी पर्मनंट केल्यानी नाय गो," तो म्हणाला. "ह्यो पेशी बघ कशे झाल्यो."

उठताना त्याची पँट घसरली. द्रौपदीने मागून पट्टा धरला, तो रिक्षा मिळेपर्यंत सोडलाच नाही.