रामधनची टकटक

इकडचं ऐकायचं अन् त्याच दमात दुप्पट जोरानं तिकडं पोचवायचं, हे काम मेडशीत शेजारची कमलीबाई फुकट करायची. मग त्यासाठी जगदेवला टेकडीवर यंत्र कशाला बसवायचं होतं? त्याची बायको तुळसाबाई म्हणायची, "कमलीबाई चहा तरी मांगते. हा डब्बा बॅटऱ्या खाते."

कारण होता रामधन, वायरलेसच्या नोकरीतला जोडीदार. निवृत्तीनंतर तो केनवडजवळच्या तांड्यावर राहायचा. दोघांकडे हौशी रेडिओचा परवाना. लकव्यानं रामधनची वाचा गेली, अंग गेलं. चालायचं ते एक बोट. फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा.

"बोट हाय ना बे?" जगदेव त्याच्या खाटेशी बसून म्हणाला. "सेटचं बटन दाबत जाय. तुही टकटक म्या वाचतो."

जुन्या नोकरीतली टकटकीची मोर्स लिपी दोघांनाही तोंडपाठ. पण मधे डोंगर, अन् हातातल्या सेटचा जीव केवढा! म्हणून जगदेवनं अकोल्याचं भंगार पालथं घातलं. कुठल्याशा बंद कारखान्याचे दोन वायरलेस संच मिळाले. एकात उंदरीण बाळंत झालेली. तिचं बिऱ्हाड हलवून त्यानं संचांची फ्रिक्वेन्सी बदलली. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं तेच पुढं बोलायचं. तेलाच्या पिप्यात बसवून, ट्रॅक्टरची बॅटरी जोडून पेटी टेकडीवर चढली.

पहिली टकटक आली: राम राम. जगदेव हसत हसत रडला.

मग रोज सांजच्याला गप्पा. रामधनचं एक वाक्य पुरं होईस्तोवर तुळसाबाईच्या दोन भाकरी व्हायच्या.

हरभऱ्याला पाणी सुरू झालं, अन् प्रत्येक पंप सुरू होताना पेटीतून घरच्या सेटवर क्षणभर खरखर येऊ लागली.

"बंद करा ते, नाही तं मी माहेरी जातो!" सत्तरीची तुळसाबाई कडाडली.

जगदेवनं एक लहानसं सर्किट बसवलं: दोन सेकंद न टिकणारा आवाज पेटीनं पुढं पाठवायचाच नाही. खरखर थांबली.

त्याच दिवशी त्यानं रामधनला चिडवलं होतं, "तुह्यापक्षा माही म्हैस लवकर सांगते!" दुसऱ्या दिवशी टकटक आली नाही.

"काय बे, म्हशीवरून रुसला काय? बोल ना!"

जगदेवनं थोडा वेळ सेट कानाशी धरला.

"रुस मंग." अन् जगदेवही रुसला.

आठवड्यानं तांड्यावरून फोन आला. रामधन गेला होता.

रामधनच्या बायकोनं, धनीबाईनं, पाणी दिलं अन् विचारलं, "तुमी रुसला काय म्हणे, तवा त्याईचं बोट चालूच होतं, भाऊ. मंगही रोज दाबत राह्यले. तुमी जवाब काहून नाही देला?"

जगदेवनं पाणी न पिताच गिलास खाली ठेवला. रामधनची टकटक तरी दोन सेकंद कुठं टिकायची?

परतल्यावर तो आधी टेकडी चढला, मग घरी गेला. सर्किट उपटून आणलं होतं.

आता पंप सुरू झाला की घरचा सेट खरखरतो. जगदेव घास ताटात ठेवून बटन दाबतो, "बोल बे, ऐकून राह्यलो म्या." तुळसाबाई माहेरचं नाव काढत नाही. कमलीबाईनं हे कुंपणावरून कितीदा तरी ऐकलंय. पण गावात कुणाजवळ बोलली नाही.