खिडकी दिसत्या अजून

मी हॉर्न ओठाला लावला की ते उठायचे, पायात चपला सरकवायचे आणि खोलीबाहेर जायचे. शिकवायला आलेला माणूस शिकवणी सुरू होताच निघून जातो, हे मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. लाकडी जिना वाजायचा, खाली दुकानात बाबांशी दोन शब्द व्हायचे, आणि मग शांतता. मी भिंतीकडे पाठ करून एकटीच वाजवत बसायची. दहा मिनिटांनी जिना पुन्हा वाजायचा आणि दारात उभे राहून ते एकच वाक्य बोलायचे.

"खिडकी दिसत्या अजून."

याचा अर्थ विचारायला मला आठवडा लागला. मी अशीच आहे. प्रश्न आधी मनात इंग्रजीत तयार होतो, मग त्याचं मराठी होतं, आणि तोवर समोरचा माणूस चहा पिऊन गेलेला असतो.

अर्थ असा होता. ते रस्ता ओलांडून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी जायचे आणि आमच्या इमारतीकडे पाठ करून ऐकायचे. आवाज नेमका कुठल्या खिडकीतून येतोय हे न बघता बोटानं दाखवता आलं, तर टोन कच्चा.

"कर्णा न्हवं ह्यो," ते म्हणाले. "कर्ण्याचा आवाज बाणावानी येतोय. हॉर्नचा गल्लीभर पसरला पायजे. कुठनं आला त्ये कळायच न्हाय पायजे."

मला हे पटलं नाही. ते चहाला जात असणार, असा माझा संशय होता. एकदा वाजवता वाजवता थांबून मी खिडकीतून खाली पाहिलं. ते खरंच आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे होते. हातात चहाचा ग्लासही होता. म्हणजे आम्ही दोघंही खरे होतो.

आमचं शाहूपुरीत पाइपांचं दुकान आहे. शेतीचे पाइप, नळ्या, जोडण्या. वर गोदाम आहे आणि त्यातच एका कोपऱ्यात माझी वाजवायची खुर्ची. फ्रेंच हॉर्न मला शाळेत चिकटला. शाळेच्या बँडमध्ये वाद्यं वाटली तेव्हा मी रांगेत शेवटी होते आणि ते गोगलगाईसारखं गुंडाळलेलं वाद्य कुणालाच नको होतं. मला मात्र आवडलं. त्याचं तोंड मागं असतं. वाजवणारा पुढे बघतो आणि आवाज पाठीमागे जातो. लोकांच्या तोंडावर काही बोलायला न लागणारं हे एकच वाद्य असावं.

ते पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. मुरगूडला दिलेल्या लेकीच्या शेतासाठी नळी न्यायला आले होते. मी वर वाजवत होते. त्यांनी खालूनच बाबांना विचारलं, "वर कोण कोंडलंय?"

"माझी मुलगी आहे. ते फ्रेंच का काहीतरी वाजवते."

"हॉर्न हाय की हो!" म्हणाले, आणि नळी तिथंच टाकून जिना चढून वर आले. पिकलेल्या भरघोस मिशा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल. एका सरकारी बँडमध्ये आपण तीस वर्षं हॉर्न वाजवला, असं त्यांनी सांगितलं. बँडमध्ये हॉर्न एकच होता आणि ते निवृत्त झाल्यावर तो कोठीत गेला. कुणी शिकायलाच आलं नाही.

"तुला शिकिवतो," म्हणाले. "फी नगं."

त्यामुळे तर मी आणखीच सावध झाले.

मी त्यांना सर म्हटलं. ते म्हणाले, "सर शाळेत असत्यात." सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण माझ्या तोंडात तो शब्द बसेना. म्हणून सहा महिने मी त्यांना कुठलीच हाक मारली नाही. त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायची.

पहिला महिना त्यांनी मला हॉर्नला हात लावू दिला नाही. दुकानातून बारा फूट नळी कापून घेतली, एका टोकाला माझं माउथपीस बसवलं, दुसऱ्या टोकाला तेलाचं नरसाळं. "हॉर्न म्हंजे एवढाच पाइप, गुंडाळल्याला. बाप पाइप इकतोय आन पोरगी पाइपाला भित्या व्हय?" मी ती नळी फुंकत बसायची. एकदा कागलकडचा एक शेतकरी माल बघायला वर आला, दोन मिनिटं बघत राहिला आणि मास्तरांना म्हणाला, "पावणं, गळतोय काय बघाय लावलंय व्हय पोरीला?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "गळतोयच. पन पाइप न्हवं, पोरगी."

मला रडू आलं होतं. पण ते खरं होतं. माझा श्वास ओठांच्या कोपऱ्यांतून गळत होता.

त्यांची प्रत्येक गोष्ट मी घरी जाऊन इंटरनेटवर तपासायची. त्यांनी सांगितलं, वाद्य गार असताना सूर लावू नको, आधी त्यात ऊब जाऊ दे. तपासलं, खरं होतं. उजवा हात हॉर्नच्या तोंडात कसा ठेवायचा, तर बाळाच्या डोक्याखाली घालतात तसा. तपासलं. बाळ नव्हतं, पण हात तसाच होता. सूर सुरू होताना ठोका ऐकू आला की ते म्हणायचे, "दार का वाजीवतीस? माणूस आत आल्याला दिसूंदे की नुसता." तेही खरं निघालं. तुमचा अनुभव काय आहे मला माहीत नाही, पण एखादा माणूस सारखा खरा निघाला की माझा संशय कमी होण्याऐवजी वाढतो.

कारण एक गोष्ट मी पहिल्यापासून टिपून ठेवली होती. त्यांनी स्वतः एकदाही हॉर्न वाजवला नव्हता.

मी दोनदा हॉर्न त्यांच्यापुढे धरला. एकदा म्हणाले, "आज पडसं हाय." दुसऱ्यांदा म्हणाले, "तुज्या माउथपीसला माझं तोंड कशाला?" दोन्ही वेळा रुमाल तोंडाला गेला. मी बाबांना म्हटलं, हा माणूस कधी हॉर्न वाजवतच नसावा. बँडमध्ये झांजा वाजवत असेल. बाबा म्हणाले, "मग एवढं कसं सांगतोय?" मी म्हटलं, तीस वर्षं शेजारी बसून कुणालाही सांगता येईल.

शेवटी मी सापळा लावला.

एके दिवशी ते नेहमीसारखे खाली उतरले. मी हॉर्न मांडीवर ठेवला, चांगला मोठा स्पीकर मोबाईलला जोडला आणि मी सरावात घेतलेल्याच धुनेचं परदेशातल्या एका नामवंत वादकाचं रेकॉर्डिंग लावलं. ते वर येऊन "खिडकी दिसत्या अजून" म्हणाले, की खेळ संपला.

दहा मिनिटं झाली नाहीत. जिना धडधडत वाजला. इतक्या वेगाने ते कधी चढले नव्हते. दारात आले तेव्हा धाप लागलेली होती आणि चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

"कोण हाय?"

मी हॉर्न खाली ठेवून उठले.

"तू न्हवंस. तुज्या छातीत एवढा वारा न्हाय. मोठा गडी हाय. कुठं बसलाय?" असं म्हणत ते पाइपांच्या थप्पीमागे बघू लागले. "भाईर या की पावणं! च्या सांगतो. अहो, लाजताय काय?" एका थप्पीमागे नाही म्हणून दुसऱ्या थप्पीमागे वाकले. "असा टोन मी... अहो पावणं..."

मी स्पीकरकडे बोट दाखवलं. अजून तो वाजत होता. मी बंद केला.

ते हळूहळू सरळ झाले. शर्टाला लागलेली धूळ झटकली. बराच वेळ झटकत राहिले.

"माझी परीक्षा घ्येतलीस व्हय?"

मला 'सॉरी' म्हणता आलं असतं. शाळेत आम्ही दिवसातून वीस वेळा म्हणायचो. पण मी स्पीकरची वायर गुंडाळायला लागले.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, रुमाल काढला आणि पुन्हा माझ्याकडे वळले तेव्हा मिशांखालचं तोंड आत गेलेलं होतं. रुमालात वरची कवळी होती.

"म्होरचे दोन दात हलाय लागले तवा बँडात हुतो अजून," ते म्हणाले. शब्द विरघळल्यासारखे येत होते. "वरीसभर तसंच वाजिवलं. मग पडलं. दात न्हायती तर ओठ कशाला टेकणार? कवळीवर वाजतंय म्हनत्यात, मला न्हाय जमलं. फुंकाय गेलं की निसता वारा येतोय." त्यांनी पाठ फिरवून कवळी बसवली. "आन ज्याला वाजवाय येत न्हाय त्या मास्तराकडं कोण शिकंल? म्हनून बोललो न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. दारातूनच म्हणाले, "त्यो कालचा गडी लाव की. अर्धाच ऐकला."

त्यानंतर माझा संशय संपला, असं लिहायला मला आवडलं असतं.

त्याच वर्षी मुंबईच्या एका तरुणांच्या वाद्यवृंदात हॉर्नची एक जागा निघाली. ऑडिशनसाठी एकाच धुनेचं एकसलग रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. आम्ही गोदामात बरीच घेतली आणि शेवटी दोन उरली. मी ती दोन्ही मास्तरांच्या मोबाईलवर पाठवली. मी गुपचूप बेंगळुरूच्या एका तरुण शिक्षकाकडे ऑनलाइन शिकवणीही लावली होती. त्यालाही दोन्ही पाठवली.

बेंगळुरूच्या शिक्षकाने लगेच पहिलं निवडलं. ते स्वच्छ होतं, एकही चूक नव्हती.

मास्तरांनी दुसरं निवडलं. त्यात पहिलाच सूर किंचित फुटलेला होता.

"ह्यात एक चूक हाय," म्हणाले. "त्यात एकबी न्हाय, पन खिडकी टकाटका दिसत्या. हे पाठीव."

"पण चूक पहिल्याच सुराला आहे. ते पुढे ऐकणारच नाहीत."

"ज्याला कान हाय त्यो ऐकंल." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बँडात माझ्यामागं कुणी न्हाय आलं. माझ्या कानानं पसंत केल्यालं एक तरी म्होरं जाऊंदे."

मी मान हलवली आणि घरी जाऊन पहिलं पाठवलं.

का, ते सांगते. त्यांना कान आहे हे मला कळलं होतं. पण त्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ते मला ऐकत नसून स्वतःला ऐकत असावेत, असं मला वाटलं. दात पडण्याआधीचा त्यांचा आवाज. त्यांच्या आठवणीसाठी माझी जागा का घालवायची? आजही हे वाक्य लिहिताना त्यात चूक सापडत नाही. तरी ते मला पुन्हा वाचवत नाही.

उन्हाळ्यात त्यांना जिने चढवेनात. ते मुरगूडला लेकीकडे राहायला गेले. मग निकाल आला आणि माझी निवड झाली. मी फोन केला. ते इतक्या मोठ्याने हसले की मला मोबाईल कानापासून लांब धरावा लागला.

"कंचं पाठिवलंस?"

"तुमचं," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर काहीच आलं नाही. मागे कुठेतरी गाय हंबरली.

"मग झ्याक," ते म्हणाले.

त्या क्षणभरात काय होतं, याचा मी खूप विचार केला आहे. पाठ करून, रस्त्यापलीकडून माझ्या छातीतला वारा ओळखणाऱ्या माणसाला फोनवरचा माझा आवाज कळला नसेल का? पण ते आनंदाने गप्प झाले असतील, असंही होऊ शकतं.

मुंबईत पहिल्याच तालमीला माझ्या शेजारच्या ज्येष्ठ वादक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साफ वाजवतेस. पण तू एकटीच ऐकू येतेस. मिसळ जरा." मला जागा मिळाली ती पहिल्या रेकॉर्डिंगवर. ती टिकवायला मात्र पुढचे सहा महिने मी दुसऱ्या रेकॉर्डिंगसारखं वाजवायला शिकत होते.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मास्तरांच्या लेकीचा फोन आला. मास्तर गेले होते. झोपेतच.

मी मुरगूडला गेले. घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी होती, दोन-तीन बायका बसल्या होत्या. त्यांच्या लेकीने, ताईंनी, मला ओळखलं ते मी बोलत नव्हते त्यावरून, असं त्या म्हणाल्या.

"तुमीच न्हवं हॉर्नवाल्या? दादांनी गावात कुणाला सोडलं न्हाय बगा. दूधवाला, पोस्टमन, समद्यांस्नी बसवून ऐकवायचे. म्हनायचे, ममईच्या लोकांनी माझीच पसंती घ्येतली."

त्यांनी मास्तरांचा मोबाईल आणला. काचेला तडा गेलेला होता. बोटानं शोधत शोधत त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं आणि मोबाईल सतरंजीवर ठेवला.

पहिला सूर किंचित फुटला. मग तो सावरला, आणि मग सोप्यात सगळीकडे झाला. बायका बोलायच्या थांबल्या. ते रेकॉर्डिंग मी दीड वर्षात एकदाही लावलं नव्हतं. मी ते वाजवलं आहे, यावर माझा विश्वास बसेना.

"हेच न्हवं ते?" ताईंनी विचारलं. "पाठिवल्यालं?"

बायका माझ्याकडे बघत होत्या.

"हो, ताई," मी म्हटलं. "हेच."