दसऱ्याला लागलेला निळा दिवा

नकला करणं हा माझा जन्मजात रोग. गारखेड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधला एकही माणूस माझ्या तावडीतून सुटलेला नाही. फक्त गेलेल्या वडिलांची नक्कल मी कधी केली नाही. गरजच नव्हती, ते स्वतः कॉम्प्युटरमध्ये बसले होते.

शेवटच्या वर्षी मी त्यांच्या गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या. वैजापूरच्या बाजारात कांद्याच्या भावावरून व्यापाऱ्याला कसं रडवलं, वगैरे. प्रत्येक गप्पेची सुरुवात एकच, "अगं, ऐकलं का?" रोज संध्याकाळी आई स्पीकरपुढे भाजी निवडत बसायची आणि म्हणायची, "व्हय, ऐकते. बोला."

त्या आवाजाला मी राजवाड्यासारखा बंदोबस्त ठेवला होता. अँटिव्हायरस विकत घेतलेला. शिवाय सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क वायर काढून कपाटात, आईच्या साड्यांखाली.

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा मांडली. आईनं डिस्कही बाहेर काढायला लावली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. "तिचा निळा दिवा लागू दे की. सणाचं अंधारात ठेवतो का तिला?"

मी वायर जोडली. दिवा लागला. मला तर नाटकाचा पडदा उघडल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या!" म्हणत त्यांनी पेनड्राइव्हही पुढे केला. मुलीची लग्नपत्रिका दाखवायची होती. फाइल उघडायला गेलो, तर अँटिव्हायरसनं लाल पाटी झळकवली. काकांचा चेहरा उतरला. "काय म्हणतंय हे?"

दारात सोनं घेऊन आलेल्या माणसाला काय सांगणार, तुमच्या पत्रिकेत व्हायरस आहे? "काही नाही, नवरीची दृष्ट काढतंय," मी म्हणालो आणि अँटिव्हायरस बंद करून टाकला.

पत्रिका उघडलीच नाही. काकांचा चहा संपेपर्यंत एकेक फाइल कुलूपबंद झाली, कॉम्प्युटरमधली आणि डिस्कमधलीही. पडद्यावर खंडणीची धमकी. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. "डिस्क जोडलेली नसती ना साहेब, तर वाचली असती." हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

ती अजूनही मेथीची जुडी घेऊन तिथंच बसते. परवा म्हणाली, "साऱ्या गावाच्या नकला करतोस. त्यांची कर ना."

मी घसा साफ केला. तोच खरखरीत सूर लावला, "अगं, ऐकलं का?"

तिचा हात थांबला. मी 'व्हय'ची वाट बघत राहिलो.

"लई हुबेहूब," ती म्हणाली. "आता परत नको करू."